तोरिकाला चहा देऊ नये

नुकुतूबू गाव, लाऊ बेटं
१६ मे १९९४

दाउवे उनाइसी,

ईस्टरला आली होतीस तेव्हा गालांवर चांगलीच गोलाई आली होती. सुवाचं पाणी मानवलं म्हणायचं, की तुझा सेमेसा बस चालवायची सोडून तुलाच खायला घालत बसतो? तू माझ्या आत्याची मुलगी, म्हणजे माझी दाउवे. दाउवेला पहिल्याच ओळीत चिमटा काढला नाही तर आपल्याकडे नातं तुटलं की काय असं विचारतात. तो काढून झाला. आता कामाचं.

गेल्या सोमवारी नर्स लोसेनाने माझं बोट टोचलं आणि रक्ताचा थेंब नळीत घालून उजेडाकडे धरून बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "तोरिका, हे रक्त आहे की सरबत?" आठ पूर्णांक दोन भरलं. पोटुशी बाईचं अकरा हवं म्हणे, निदान दहा तरी. रक्तात लोखंड कमी पडलंय. बादली भरून आणताना वाटेत दोनदा बसावं लागतं, आणि प्रार्थनेत उभं राहिलं की पुढच्या बाकावरची माणसं पोहायला लागतात, ती का ते आता कळलं.

मागच्या बाळंतपणात माझं किती रक्त गेलं ते तुला ठाऊक आहे. लोसेना म्हणाली, "पुन्हा तसं झालं तर या बेटावर माझ्याकडे रक्ताची बाटली नाही. प्रार्थना आहे, पण ते खातं पाद्रीबाबांचं." तिने निकाल दिलाय की ऑगस्ट संपायच्या आत दहा झालं तर बाळ इथे होऊ द्यायचं, नाही झालं तर मला बोटीत घालून सुवाला पाठवायचं आणि सुटका होईपर्यंत तिथेच ठेवायचं. बोटीत मला काय होतं ते तुला माहीत आहे. आणि दोन पोरं आपेनिसाच्या भरवशावर कशी टाकू? त्याला चूल पेटवता येते, पण तिच्यावर काहीतरी ठेवायचं असतं हे अजून कळलेलं नाही. मला घाबरायला होतंय ग, खरंच.

सासूबाईंचं निदान मात्र वेगळं आहे. त्यांच्या मते कुणीतरी बाई पोटात मूल असून लपवतेय आणि तिच्यामुळे हे सगळं चाललंय. अशी बाई ज्याला हात लावील ते बिघडतं, ही त्यांची जुनी समजूत. ईस्टरचा केक फुगला नाही, आपेनिसाचं जाळं दोनदा फाटलं, माझे केस विंचरताना मूठभर हातात येतात, आता रक्त. जिने तोरिकाच्या डोक्याला आणि भट्टीला हात लावलाय तीच ती, असं त्या म्हणतात. मी म्हटलं, केक उनाइसीने केला म्हणून बसला, त्यात दुसरं कारण कशाला शोधता? पण त्या ऐकत नाहीत. तुझ्या हाताला चव आहे म्हणे.

सुवाला यावंच लागलं तर तुझ्याकडेच येणार. एक कोपरा रिकामा करून ठेव.

तुझी,
तोरिका


रायवांगा, सुवा
२९ मे १९९४

दाउवे तोरिका,

आठ! अग, आठ हा बसचा नंबर असतो, रक्ताचा नसतो.

आधी महत्त्वाचं सांगते. इथे यायचं मनातही आणू नकोस. म्हणजे ये, घर तुझंच आहे, पण येऊ नकोस. सेमेसाने भिंती रंगवायला काढल्यात आणि तो वास पोटातल्या बाळाला बरा नाही. शिवाय ऑगस्टमध्ये त्याचा भाऊ पाच पोरं घेऊन येतोय. शिवाय डास. तेव्हा रक्त वाढवायचं आणि बाळ तिथेच, आपल्या माणसांत होऊ द्यायचं. मी काय सांगते ते मुकाट्याने कर.

अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून रोज खा. आपेनिसाला सांग, माशाचं लालसर मांस बायकोला द्यायचं आणि पांढरं स्वतः खायचं, उलट नाही. आणि या बोटीने मी रेवा नदीतल्या काई शिंपल्या पोतंभर पाठवतेय, आमच्या मासळीच्या शेडमधल्या बर्फात घालून. त्यात लोखंड भरपूर असतं. गोळी रोज एकच देते ना ती लोसेना? दोन घे. चार घेतल्यास तर जूनमध्येच दहा होईल आणि भानगड मिटेल.

सासूबाईंच्या त्या खुळ्या समजुतीबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही. एकोणीसशे चौऱ्याण्णव साल आहे म्हणावं. बेकिंग पावडर शिळी असली की केक बसतो. जाळं खडकाला अडकलं की फाटतं. कुणाच्या पोटात काय आहे आणि ते तिने कुणाला सांगितलंय की नाही, याच्याशी माशांचा काय संबंध? मासे काय विचारून येतात? आणि समजा असेलच एखादी, तर तिची काही कारणं असतील. पण गावातल्या बायकांना दम कुठे! पोट दिसायच्या आधी बाळासाठी चटया विणायला बसतात. मला या विषयावर बोलायचंच नाही.

माझं ठीक चाललंय. शेडमध्ये उकाडा फार, पण बर्फाची चंगळ आहे. दिवसभर वाटी जवळ ठेवून कुरुमकुरुम चावत असते. घरीसुद्धा पिशवी भरून आणते. सेमेसा म्हणतो, घरात उंदीर शिरलाय आणि तो माझ्याच उशीवर झोपतो.

चार गोळ्या. विसरू नकोस.

उनाइसी


नुकुतूबू
१४ जून १९९४

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या दाउवे,

तुझं डोकं फिरलंय का? चार गोळ्या!

तीन दिवस घेतल्या. पोटात कोंबडे झुंजत होते. चौथ्या दिवशी सकाळी परसाकडे गेले तर सगळं डांबरासारखं काळं. मी तिथूनच आपेनिसाला ओरडून सांगितलं की माझ्या मागे पोरांना शाळेतून काढू नकोस आणि दुसरी करायची असेल तर निदान पोहता येणारी कर. तो धावत जाऊन लोसेनाला घेऊन आला. ती आधी पोट धरून हसली, गोळ्यांनी काळं होतंच म्हणे, आणि मग तिने मला असं झापलं की सासूबाई बाहेर निघून गेल्या.

ती म्हणाली, "लोखंड कमी पडलं की अंगाला प्राणवायू पुरत नाही आणि आतून गंज चढायला लागतो, तुलाही आणि बाळालाही. पण म्हणून चौपट लोखंड ओतलंस, तर जे अंगाला घेता येत नाही तेही गंजच वाढवतं. नवऱ्याला विचार, इंजिनात तेल कमी घातलं तर काय होतं आणि जास्त घातलं तर काय होतं." मी आपेनिसाला विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही वेळा वल्हवत यावं लागतं." त्या दिवसापासून मी एकच गोळी घेते.

शिंपल्यांचं सांगायचं तर पोतं उतरलं तेव्हा सगळा गाव धक्क्यावर होता. आता खाऊ आलाय म्हटल्यावर एकटीने कसा खाणार? आधी मुख्याच्या घरी गेला, मग पाद्रीबाबांकडे, मग सासूबाईंच्या तिन्ही बहिणींकडे, मग ज्यांनी पोतं उचललं त्यांच्याकडे. बर्फ पोरांनी खाल्ला. माझ्या वाट्याला तीन शिंपल्या आल्या आणि त्यातली एक रिकामी निघाली. गावाचं रक्त मात्र झकास झालंय. मुख्याचा म्हातारा बाप काल रग्बी बघताना उठून नाचला.

माझं मोजलं तर आठ पूर्णांक एक. म्हणजे उतरलंच. तेव्हा लोसेनाने विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतेस?" म्हटलं, चहाबरोबर. "आणि मग?" आणि मग काय! तुला ठाऊक आहे आपल्या गावात दारावरून जाणाऱ्याला 'ये, चहा घे' म्हटल्याशिवाय सोडत नाहीत, आणि पोटुशी बाईला तर हात धरून आत नेतात. घरापासून विहिरीपर्यंत सहा दारं. मी सहा ठिकाणी चहा घेते. लोसेना कपाळाला हात लावून खाली बसली. म्हणाली, "चहा पोटात लोखंडाला मिठी मारतो आणि दोघं जोडीने बाहेर पडतात. तू गोळ्या खात नाहीस बाई, त्यांना गाव दाखवून आणतेस." आता गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर किंवा पपईबरोबर घ्यायची, आणि जेवणाच्या आणि गोळीच्या आसपास चहा नाही. पण सहा दारांना नाही कसं म्हणायचं ते तिने सांगितलं नाही.

सासूबाईंचा तपास जोरात आहे. ईस्टरला माझी वेणी पाद्रीणबाईंनी घातली होती आणि केकचं भांडंही त्यांचंच होतं. तेव्हा सासूबाई सरळ त्यांच्या घरी गेल्या आणि विचारलं, "कितवा?" पाद्रीणबाई छप्पन वर्षांच्या आहेत. पण त्या रागावण्याऐवजी लाजल्या. आता सासूबाईंना खात्रीच झालीय.

तू मला येऊ नकोस म्हणालीस ते वाचून वाईट वाटलं. थट्टा बाजूला ठेवून लिहितेय. सुवात माझं दुसरं कोण आहे? तीन पानांच्या पत्रात पानभर तू त्या समजुतीवर लिहिलंस, ज्यावर एक अक्षरही लिहिणार नव्हतीस, आणि माझ्यासाठी एक कोपरा नाही म्हणतेस.

तोरिका


रायवांगा, सुवा
२७ जून १९९४

माझ्या रुसक्या दाउवे,

कोपरा कसा नाही? कोपरे चार आहेत. पण छप्पर गळतंय. आणि सेमेसाची बहीण येतेय ऑगस्टमध्ये, तिच्या सासूला घेऊन, आणि ती सासू झोपेत चालते. अशा घरात तुला अवघडलेल्या बाईला कुठे निजवू? तुला नको म्हणताना मला काय वाटतं ते मलाच माहीत. पुन्हा असं लिहू नकोस.

चहाचं कळलं ते किती बरं झालं! मला तर इतका आनंद झाला की मी शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं. तोरिका, तो चहा तोड. तोंड वेंगाडून नाही म्हण, आजारी आहे म्हण, देवाला नवस केलाय म्हण, पण तोड. दहा झालं की कळव. मी हॉटेलात जेवायला जाईन आणि तुझ्या नावाने दोन ताटं संपवीन.

पाद्रीणबाईंचं वाचून मी इतकी हसले की धाप लागली. हल्ली धाप लगेच लागते. आमच्या इमारतीला कुणी गुपचूप जिने वाढवलेत असं मला वाटतं. नखंही कागदासारखी तुटतात, मीठ आणि बर्फात हात असतात ना दिवसभर. सेमेसा म्हणतो, तुझा रंग उडालाय. मी म्हटलं, तो भिंतींना लावलास तूच. बर्फ मात्र सुटत नाही. परवा शेडच्या मुकादमाने विचारलं, उनाइसी, तू मासे भरतेस की बर्फ रिकामा करतेस?

शिंपल्या पुन्हा पाठवतेय, या वेळी पिठाच्या पिशवीत लपवून. पीठ म्हणून उतरवून घे आणि दार लावून खा.

उनाइसी


नुकुतूबू
१२ जुलै १९९४

दाउवे,

पिठाच्या पिशवीतून पाणी गळतंय हे धक्क्यावर सगळ्यात आधी पाद्रीबाबांच्या लक्षात आलं. या वेळी पाच शिंपल्या मिळाल्या.

पण चहाचा निकाल लागला. मला नाही म्हणता येईना, तेव्हा लोसेना गावच्या पुढाऱ्याकडे, विलियामेकडे गेली. तू त्याला ओळखतेस. त्याला एकदा काम सांगितलं की तो ते जोरात करतो. संध्याकाळी तो गावातून फिरला, सफाईच्या कामाची दवंडी देतो तसाच, आणि खणखणीत आवाजात ओरडला: "उद्या नारळ सोलायला सगळ्यांनी यावं! डुकरं बांधून ठेवावीत! तोरिकाला चहा देऊ नये!"

तेव्हापासून माझं जगणं मुश्कील झालंय. मी दिसले की लोक किटलीवर फडकं टाकतात. काल मोठ्या मावशींच्या घरात शिरले तर त्यांनी चहाचा पेला मांडीखाली लपवला आणि मांडी भाजली. माझीच पोरं माझ्यावर पाळत ठेवतात. मी नुसता रिकामा कप विसळत होते तर धाकटा बाहेर जाऊन ओरडला, "आई पितेय!" आणि चार घरांतून बायका धावत आल्या. एकदा मात्र चोरून प्यायले, खोटं कशाला बोलू, आपेनिसाच्या होडीत बसून, जेवणानंतर बऱ्याच वेळाने. चहा असा कधीच लागला नव्हता.

पण काल रक्त नऊ भरलं! लोसेनाने नळी मला दाखवली. सरबताचं आता वाइन झालंय.

आणि आता नीट वाच. मी तिला माझं एक गुपित सांगितलं, की मी सासूबाईंच्या डब्यातले कच्चे तांदूळ चोरून चावत असते आणि मला ते आवरत नाही. मला वाटलं ती वेड्यात काढील. ती म्हणाली, "अग, लोखंड कमी झालं की असंच होतं. कुणी तांदूळ खातं, कुणी माती खातं. आणि बर्फ! दिवसभर बर्फ चावणारी बाई दिसली की मी आधी तिचं बोट टोचते. ती बहुतेक वेळा दमलेली असते, जिना चढताना धापते, नखं तुटतात, रंग उडालेला असतो."

मी घरी आले आणि तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली.

भिंतींचा रंग. मग भाऊ आणि पाच पोरं. मग भाऊ गेला आणि बहीण आली, झोपेत चालणाऱ्या सासूसकट. मग छप्पर. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता, उनाइसी, आणि वर अजून एक मजला आहे. छप्पर कुठून गळेल? आणि त्या समजुतीवर पानभर. चोराच्या मनात चांदणं.

मी सासूबाईंना काही बोललेले नाही. कुणालाच नाही. पण मला सांग. कितवा?

तोरिका


रायवांगा, सुवा
२४ जुलै १९९४

तोरिका,

नर्सच्या चार गोष्टी ऐकल्यास आणि स्वतःला डॉक्टर समजायला लागलीस. बर्फ मी खाते कारण तो फुकट आहे. दमते कारण काम करते, काही लोकांसारखी दिवसभर चहा पीत हिंडत नाही. जाड आहे कारण खाते. सेमेसाची बहीण खरंच येणार आहे. तुला माझ्या घरी यायला मिळत नाही म्हणून तू माझ्यावर हे रचलंस. याउप्पर मला या विषयावर एक ओळही लिहू नकोस.

उनाइसी


रायवांगा, सुवा
२५ जुलै १९९४

तोरिका,

कालचं पत्र टपालात पडलंय. बोट अजून धक्क्याला आहे असं ऐकलं, म्हणून हे कप्तानाच्याच हातात देतेय. ते आधी हाती आलं तर फाडून टाक.

सहावा लागलाय.

तीन वेळा सांगितलं होतं ग मी. तुला आठवत असेल. प्रत्येक वेळी गावाहून चटया आल्या, डुक्कर कापलं, सगळ्या बायका माझ्या पोटावर हात ठेवून हसल्या. आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळं संपलं. त्यानंतर त्या बायका माझ्याकडे आल्या नाहीत. दोष देत नाही, काय बोलावं तेच त्यांना सुचलं नसेल. पण चटया माझ्या पलंगाखाली तशाच आहेत, आणि झाडताना मी झाडू तिथपर्यंत नेत नाही. या वेळी मी सेमेसाला सांगितलं, कुणालाही कळवायचं नाही. कुणाला माहीतच नसेल, तर पुन्हा कुणाला काही सांगावं लागणार नाही. शेडमध्ये रबरी एप्रन असतो आणि मी मुळात अंगाने भरलेली, त्यामुळे निभावलं. तू आलीस तर एका नजरेत ओळखशील म्हणून ते भाऊ आणि बहीण आणि छप्पर. मला कोपरा द्यायचा नव्हता असं पुन्हा कधी मनात आणू नकोस.

दवाखान्यातही गेलेली नाही. तिथल्या नोंदणीच्या टेबलावर पाद्रीणबाईंची भाची बसते. तिच्या कानात सांगितलेलं बोटीच्या आधी बेटावर पोचतं.

आणि ऐक. ईस्टरला तुझे केस कापताना मला माहीत होतं. तू लिहिलंस की केस गळतायत, रक्त उतरलंय. मी तुला हसून उत्तर लिहिलं आणि मग मोरीत जाऊन रडले. म्हटलं, माझ्यामुळे तोरिकाला काही झालं तर? एकोणीसशे चौऱ्याण्णव साल आहे हे मलाही माहीत आहे. तरी रडले.

इतकी पुढे मी आजवर कधी आलेच नव्हते. मला फार भीती वाटते. कुणाला सांगू नकोस.

उनाइसी


नुकुतूबू
९ ऑगस्ट १९९४

माझ्या दाउवे,

कप्तानाने आधी दुसरं पत्र दिलं. मी ते धक्क्यावरच वाचलं आणि तिथेच खाली बसून रडले. पोरांना वाटलं पुन्हा चक्कर आली. दुपारी टपालाच्या थैलीतून पहिलं आलं, 'याउप्पर एक ओळही लिहू नकोस' वालं. ते वाचून इतकी हसले की लोसेनाला वाटलं गोळ्या डोक्यात गेल्या. फाडणार नाही. जपून ठेवीन आणि तुझं लेकरू मोठं झालं की त्याला वाचून दाखवीन.

तुझ्यामुळे मला काहीही झालेलं नाही. केस लोखंडाअभावी गळत होते, हे लोसेनाने बायबलवर हात ठेवून सांगितलंय. रक्त चहामुळे चढत नव्हतं. केक मात्र तू केलास म्हणूनच बसला, त्यात मी काही करू शकत नाही.

तुझं काय चाललंय ते मात्र चांगलं नाही, उनाइसी. बर्फ, धाप, नखं, आणि सहा महिन्यांत एकदाही रक्त तपासलेलं नाही. माझ्या मागे निदान अख्खा गाव किटल्या लपवत हिंडत होता. तुझ्या मागे कोण आहे? भल्या सेमेसाला वाटतं घरात उंदीर आहे.

शनिवारी माझं बोट टोचलं. दहा पूर्णांक एक. लोसेनाने मला मिठी मारली आणि म्हणाली, "जिंकलीस. आता बाळ इथेच."

मी तिला म्हटलं, हे कुणाला सांगू नका. तिने कारण विचारलं. म्हटलं, सांगता येणार नाही. ती म्हणाली, "खोटं मी बोलणार नाही. पण कुणी विचारलं तर तेव्हा मला खोकला येईल." मग मी बाहेर येऊन रडवेलं तोंड केलं आणि सांगितलं, साडेनऊवरच अडकलंय, जावं लागणार. गावात हाहाकार झालाय. विलियामेने सभा घेतली आणि चहा कुणी दिला ते कबूल करा म्हणाला. मोठ्या मावशी थोरल्या आत्यांकडे बघतात, आत्या मावशींकडे. सासूबाई दोघींशीही बोलत नाहीत. आपेनिसाला वाटतं, होडीतल्या त्या एका चहाने सगळं बिघडलं, आणि तो बिचारा प्रायश्चित्त म्हणून स्वयंपाक शिकतोय. काल भात केला. वरचा कच्चा होता आणि खालचा जळला होता, पण मधला अगदी चांगला होता.

मी परवा, गुरुवारच्या बोटीने निघतेय. चटई वगैरे काही आणत नाही. ओकत येईन, तेव्हा धक्क्यावर पाणी घेऊन उभी राहा. शनिवारी सकाळी पोचेन आणि सोमवारी आपण दोघी दवाखान्यात जाऊ. पाद्रीणबाईंच्या भाचीला मी बघून घेते. तू डोळे मिट आणि बोट पुढे कर.

हे पत्र माझ्याच बोटीने येतंय. कप्तानाला सांगितलंय, धक्क्याला लागल्यावर आधी पत्र तुझ्या हातात द्यायचं आणि मग मला उतरवायचं. मला बघितल्यावर पळून जाशील, तर निदान का आलेय ते वाचून पळ.

तोरिका


रायवांगा, सुवा
१८ सप्टेंबर १९९४

तोरिकाच्या आदरणीय सासूबाईंना,

तोरिकाला बुधवारी पहाटे मुलगी झाली. सगळं नीट झालं. रक्त फार गेलं नाही, बाटली लागली नाही. बाळ सव्वातीन किलोचं आहे आणि आवाज तुमच्यावर गेलाय. तोरिका अंथरुणात बसून मला शिव्या देतेय, म्हणजे तब्येत उत्तम आहे. आपेनिसाला हे तुम्हीच सांगा, आणि भाताखालचा विस्तव आधी कमी करायचा हेही.

विलियामेंनाही सांगा की चहा कुणीही दिला नव्हता. मावशी निर्दोष आहेत, आत्याही. तोरिकाचं रक्त दहाच्या वर गेलं होतं आणि तिला इथे यायची काही गरज नव्हती. ती माझ्यासाठी आली. मला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून रोज सकाळी माझ्यासमोर बसून, हातात लिंबाचं पाणी देऊन, ती मला गोळी गिळायला लावते आणि मग तोंड उघडून दाखवायला सांगते. पहिल्यांदा तपासलं तेव्हा माझं रक्त सात पूर्णांक आठ होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर असंच राहिलं असतं तर दोघांचंही कठीण होतं. आता नऊ आहे. बर्फाची चवच गेली.

नोंदणीवरच्या भाचीने बायबलची शपथ घेतलीय, पण ती शपथ पुढच्या बोटीपर्यंत टिकेल असं दिसत नाही. ते काही असो. तिने सांगावं अशी माझी इच्छा नाही, मला स्वतःला सांगायचंय. तुम्ही पाद्रीणबाईंची माफी मागा. ईस्टरला तोरिकाच्या डोक्याला आणि भट्टीला हात लावणारी मी होते.

मला आठवा लागलाय. बाळ हलतं, मघाशी हे लिहितानाही हललं. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, पण काहीही झालं तरी या वेळी सगळ्यांनी माझ्याकडे या. सगळ्यांना सांगा.

तुमची,
उनाइसी